खाणीच्या छताची परीक्षा

भूमिगत कोळसाखाणीचे छत कोणी बांधलेले नसते. कोळसा काढल्यावर डोक्यावर जो खडक उरतो, तेच छत. चंद्रपूर-नागपूरकडच्या खाणींत तो बहुधा वालुकाश्माचा किंवा शेलचा असतो. छत कोसळून आजवर अनेक कामगारांचे प्राण गेले आहेत. मग छत भरवशाचे आहे का, हे आधीच कसे ओळखायचे?

खडक कठीण म्हणजे छत पक्के, असे आपल्याला वाटते. वर्गात एक प्रयोग करून पाहा. पुठ्ठ्याच्या सारख्या दहा पट्ट्या एकावर एक रचून दोन विटांवर टेकवा आणि मधोमध वजन ठेवा. पट्ट्या एकमेकींवरून सरकतात व गठ्ठा वाकतो. आता त्याच पट्ट्या खळीने चिकटवा, पूर्ण वाळू द्या आणि तेच वजन ठेवा. वाक कितीतरी कमी! पुठ्ठा तोच, पण दहा पातळ थरांचा एक जाड थर झाला. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून हिशेबाने सुटा गठ्ठा एकसंध गठ्ठ्याच्या १०० पट वाकतो.

धनबादच्या केंद्रीय खाण संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात छतासाठी जी १०० गुणांची पद्धत बसवली, तिच्यात हेच दिसते. थरांची जाडी ३० गुण, भेगा व इतर रचना २५, पाण्यात खडकाचा टिकाव २०, खडकाची ताकद १५ आणि झिरपणारे पाणी १०. ताकदीचा क्रमांक चौथा!

या गुणांवरून आधारांवर येणारा भार काढता येतो. बोगदा ४ मीटर रुंद आणि खडक घनमीटरला २.२ टन वजनाचा धरू. छताला ६० गुण असतील, तर दर चौरस मीटरवर सुमारे १.८ टन भार येतो. ४० गुण असतील, तर सुमारे ४.८ टन. त्यानुसार छतात पोलादी बोल्ट किती बसवायचे, हे ठरते. आपल्या प्रयोगातील खळीप्रमाणे हे बोल्ट सुटे थर एकत्र आवळून धरतात.

परंतु एकदा मिळालेले गुण कायमचे नसतात. दमट हवेने शेल भुसभुशीत होतो, नव्या भेगा पडतात. म्हणूनच अनुभवी कामगार पहारीने छत ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला, तर थर घट्ट. बद्द आवाज आला, तर वर पोकळी आहे असे समजून तो तेथून आधी बाजूला होतो.