निवृत्तीच्या वर्षी उसळणारी रेघ

वय वाढतं तशी तब्येत उतरणीला लागते, यात नवल ते काय! पण फ्रान्समधल्या, तेव्हा सरकारी असलेल्या वीज आणि गॅस कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा आलेख बघा. वर्षागणिक रेघ खाली घसरते आणि निवृत्ती आली की चक्क वर उसळते.

हा आलेख 'गाझेल' नावाच्या अभ्यासातला; तो १९८९ मध्ये सुरू झाला. चाळिशी-पन्नाशीच्या आसपासचे वीस हजारांवर कर्मचारी आपणहून त्यात आले. दर जानेवारीत घरी टपालाने प्रश्नावली यायची. त्यातला एक प्रश्न अगदी साधा: तुमची तब्येत कशी आहे? १ म्हणजे उत्तम, ८ म्हणजे फारच वाईट. आकडा लिहा, पाठवून द्या.

आता यात विशेष काय? एरवी निवृत्तीचा परिणाम मोजणं महाकठीण. आजारी माणसंच आधी घरी बसतात. मग दोष निवृत्तीला देणं म्हणजे छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला म्हणण्यासारखं! इथे मात्र नोकरी बहुधा कायमची आणि बहुतेकांची निवृत्ती नियमाप्रमाणे, पंचावन्नच्या आगेमागे. शिवाय निवृत्तीनंतरही प्रश्नावली येतच राहायची.

आणि निघालं काय? तब्येत बरी नाही म्हणणारे निवृत्तीच्या आदल्या वर्षी शंभरात १९ होते. निवृत्तीनंतरच्या वर्षी १४. जणू वय आठ-दहा वर्षांनी कमी झालं! ही सुधारणा सात वर्षांनंतरही टिकून होती.

मग मधुमेह, हृदयविकार पळाले का? छे! ते वयाप्रमाणे वाढतच राहिले. उतरला तो थकवा, मनाचा आणि शरीराचा, आणि उदासीची लक्षणंही कमी झाली. झोपेच्या तक्रारीही घटल्या. आजारपणामुळे निवृत्त व्हावं लागलेल्यांच्या मात्र वाढल्या.

त्याहून गंमत पुढेच आहे. ज्यांचं पद वरचं, कामाचा ताण कमी आणि समाधान भरपूर, त्यांच्या आलेखात उसळी नव्हतीच. उतरायला ओझंच नव्हतं ना!

पण हे ओझं येतं कुठून? आपल्याकडे व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेणाऱ्याला लोक पहिलं विचारतात, 'किती मिळाले?' जर्मन समाजशास्त्रज्ञ योहानेस झीगरिस्ट यांचा प्रश्नही मिळण्याचाच, पण नोकरीत असतानाचा. राबणूक जास्त, आणि पगार, मान, बढती, शाश्वती कमी, असं झालं की माणूस आतून खचतो, ही त्यांची मांडणी. युरोपातल्या दहा देशांत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पन्नाशी ओलांडलेल्या नोकरदारांची उत्तरं तपासली: या नोकरीतून शक्य तितक्या लवकर बाहेर पडावंसं वाटतं का? ज्यांचा हा हिशेब तुटीचा, त्यांच्यात 'हो' म्हणणारे जास्त निघाले. वाटलं, ही उदासीच बोलत असेल. म्हणून उदासीचा प्रभाव आकडेमोडीतून वेगळा काढून पाहिला. तरीही निकाल तोच!