शस्त्रक्रियेपूर्वीचे तीन महिने

दुभंगलेला ओठ वा टाळू घेऊन मूल जन्मास आले की त्याचा दोष ग्रहणावर ढकलण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. गरोदरपणी ग्रहणात विळी हाती धरली, असे म्हणून मातेला अपराधी ठरविले की समाज मोकळा होतो. वास्तविक जगात सुमारे ७०० जन्मांमागे एका बालकात हे व्यंग आढळते. ग्रहणाशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही.

या व्यंगावर उपाय आहे. पंढरपुरात जन्मलेले व अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी वर्षानुवर्षे भारतात येऊन मोफत शिबिरांतून असे असंख्य ओठ सांधले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या व्यंगाचा समावेश आहे. परंतु ही शस्त्रक्रिया जन्मताच होत नाही. ओठ साधारणतः तीन महिन्यांनी शिवतात, तेही वजन साडेचार किलोच्या आसपास भरले तर. टाळूची पाळी त्यानंतर, नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान येते. घोडे अडते ते येथेच.

केवळ ओठ दुभंगलेला असेल तर पुष्कळ बालके अंगावर पिऊ शकतात. टाळू दुभंगली असता मात्र तोंड व नाक यांतील पडदाच नसतो. ओढ घेता येत नाही, दूध नाकावाटे परतते आणि मूल भुकेले असतानाच थकून झोपी जाते. आईला वाटते, आपल्यालाच दूध नाही. उपाय साधा आहे. दूध पिळून काढावे. मुलाला जवळजवळ उभे धरून, मऊ बाटली त्याच्या गिळण्याच्या लयीने हलके दाबत ते पाजावे. मधून मधून ढेकर काढावी. इंग्लंडमधील मँडी हॅबरमन या मातेने १९८० साली जन्मलेल्या आपल्या मुलीच्या अडचणीतून अशीच खास बाटली घडविली. ती न मिळाल्यास स्वच्छ वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडलेही कामी येते.

बाटलीच्या प्रचारावर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. अस्वच्छ बाटलीने जुलाब होऊन मुले दगावतात. परंतु ‘बाटली नको’ एवढेच सांगून या मातेला घरी पाठविणे म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणेच होय.

शिवाय एक हिशेब कोणी मांडत नाही. दिवसातून आठ वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास, म्हणजे चार तास केवळ पाजण्यात जातात. निफाडच्या द्राक्षबागेत छाटणीच्या हंगामात रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रीने हे तास आणावेत कोठून? शस्त्रक्रिया मोफत असली, तरी तिथवर पोहोचण्याची किंमत तिच्या बुडालेल्या मजुरीतूनच चुकती होते.

म्हणून नवी योजना नको, आहे तीच पुरी करावी. रुग्णालयात प्रसूती झाल्यावरही आशा कार्यकर्ती ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते, बाळाचे वजन करते. तिला या पाजण्याचे शिक्षण द्यावे, पिशवीत मऊ बाटली वा बोंडले द्यावे आणि अशा मातेला तीन महिन्यांची बुडीत मजुरी मिळावी. घरच्यांनीही, विशेषतः बापाने व सासूने, हे पाजणे शिकून घ्यावे. शल्यविशारदाचे कौशल्य आपण फुकट मिळविले आहे. ते वाटीभर दुधावाचून वाया जाऊ नये.