नाताळचा तारा आणि घरचा सरंजाम

सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांचे नाव निघाले असता वाचकाच्या मनात गडकोट, कृष्णाकाठ, उसाचे मळे, हळदीची पेठ आणि तालमीतले पैलवान ह्यांची जी चित्रे उभी राहतात, त्यांत नाताळच्या सणाला सहसा स्थान नसते. आणि तरीही ह्या मुलुखात तो सण सव्वाशे-दीडशे वर्षे घरोघरच्या हातांनी साजरा होत आला आहे. साताऱ्यास अमेरिकन मिशनचे ठाणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बसले, मिरजेस डॉ. विल्यम वानलेस ह्यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, आणि त्याच्या आसऱ्याने परिचारिका, कंपाउंडर, शिक्षक व सुतार ह्यांची एक ख्रिस्ती वस्ती तेथे नांदू लागली. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १९१७ साली, 'देवाचा दरबार' स्थापिला तोही साताऱ्यासच. ख्रिस्तभक्तीने अभंग-कीर्तनाचा देशी वेष घ्यावा असा ज्या पुरुषाचा आग्रह होता, त्याच्या गावी नाताळची आरास विलायती खोक्यातून बाहेर पडावी, हे मला तरी विसंगत वाटते.

परंतु बाजारात डिसेंबर उजाडताच दिसते ते हेच. प्लॅस्टिकचे झाड, प्लॅस्टिकचे गोळे, चमकीच्या माळा आणि हात लावताच बोटांना चिकटणारी व पुढे महिनाभर घरातून न हलणारी ती चकाकती पूड, असा सारा ऐवज विकत आणला की सणाचा बंदोबस्त झाला, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः ह्या दोन जिल्ह्यांत आरास करण्याचे साहित्य आणि ते वापरण्याचे कौशल्य, दोन्ही आयती उपलब्ध आहेत. ज्या हातांना आकाशकंदील करता येतो त्यांना नाताळचा तारा वेगळा शिकावा लागत नाही. तीच कामटी, तोच पतंगाचा कागद, तीच खळ.

ताऱ्याची रचना मात्र नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यात थोडे भूमितीचे सौंदर्य आहे. बुरुडाकडून बांबूच्या दहा समान, पातळ कामट्या आणाव्यात. दोन फूट लांबी घरच्या दारावर शोभते. पाच कामट्यांची एक पंचकोनी चांदणी, अशा दोन चांदण्या बांधावयाच्या. पाटीवर हात न उचलता मूल जशी चांदणी काढते तशाच कामट्या एकमेकींवर मांडाव्यात, पण एक वरून तर दुसरी खालून अशा विणून घ्याव्यात, म्हणजे सांगाडा दोऱ्यावाचूनही अर्धा उभा राहतो. दोन फुटांच्या कामटीवर छेद कोठे पडावा ह्याचा ठोकताळा असा की, प्रत्येक टोकापासून सव्वानऊ इंचांच्या किंचित आत खूण करावी. खुणा जुळल्या की चांदणी आपोआप समप्रमाण होते. मग दोन्ही चांदण्या एकीवर एक ठेवून त्यांची पाच टोके सुतळीने घट्ट बांधावीत आणि आतल्या पाच छेदांच्या ठिकाणी चार-पाच इंचांच्या पाच काड्या टेकू म्हणून उभ्या बसवाव्यात. त्या काड्या बसता क्षणी सपाट वस्तूला पोट येते, आणि जी आकृती कागदावरची होती ती हवेत टांगण्याजोगी होते. मला ह्या साऱ्या कामात हाच क्षण सर्वांत आनंदाचा वाटतो.

कागद चढविण्यासाठी खळ घरीच शिजवावी. गव्हाच्या पिठाची चालते. चिंचोक्याची अधिक चिवट होते. बुकबाइंडर लोक खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. परंतु मोरचूद विषारी असल्यामुळे, जेथे मुले काम करीत असतील तेथे ते टाळावे आणि खळ त्या दिवसापुरतीच करावी. कागद ओलसर असताना ओढून बसविला की वाळताना तो स्वतःच ताणला जातो. मागच्या बाजूस एक झडप उघडी ठेवावी आणि आत एलईडीचा लहान दिवा सोडावा. पूर्वी पणती किंवा मेणबत्ती ठेवीत आणि वाऱ्याच्या एका झुळकेसरशी ताऱ्याची होळी होई. तो धोका आज पत्करण्याचे कारण नाही.

हा तारा आपल्याच कल्पनेचा आहे असे मात्र कोणी समजू नये. फिलिपीन्स बेटांत नाताळला घरोघरी जो 'पारोल' टांगतात, तोही बांबूच्या कामट्यांचा आणि पातळ कागदाचा पंचकोनी ताराच होय. आणि जर्मनीतील नीस्की गावच्या मोरेव्हियन पंथाच्या शाळेत १८३० च्या दशकात मुलांना भूमिती शिकविण्याच्या निमित्ताने जो अनेक टोकांचा कागदी तारा जन्मास आला, तो आज त्या पंथाच्या घराघरांतून लागतो. जेथे बांबू आहे तेथे बांबूचा, जेथे पुठ्ठा आहे तेथे पुठ्ठ्याचा, असा हा व्यवहार सर्वत्र चालत आला आहे.

झाडावर टांगण्याच्या चकचकीत गोळ्यांची हकीकतही अशीच आहे. थुरिंगियातील लाउशा ह्या डोंगरी गावच्या काचकारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तो घरगुती धंदा म्हणून वाढविला. पुरुषांनी काच फुंकावी आणि बायकामुलांनी तिला आतून चांदी व बाहेरून रंग द्यावा, अशी कामाची वाटणी असे. १८८० च्या सुमारास वुलवर्थ नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने हे गोळे आपल्या दुकानांत आणले आणि गरिबांच्या घरी तयार होणारी वस्तू जगाच्या बाजारात गेली. आपल्याला काच फुंकता येत नाही; पण आपल्याकडे लग्नपत्रिका आहेत. प्रत्येक घरात दरवर्षी साठत जाणाऱ्या, जाड, सोनेरी छपाईच्या आणि टाकून देण्याचे धैर्य कोणालाच होत नाही अशा त्या पत्रिकांचा ह्याहून चांगला विनियोग मला ठाऊक नाही. देवादिकांची चित्रे व नावे आदराने बाजूस काढून ठेवावीत आणि उरलेल्या भागावर बांगडी ठेवून वीस वर्तुळे कापावीत. एका वर्तुळात बरोबर मावणारा समभुज त्रिकोण पुठ्ठ्याचा करून घ्यावा, तो प्रत्येक वर्तुळावर ठेवून तिन्ही कडा वर दुमडाव्यात आणि त्या कडा एकमेकींना चिकटवीत जाव्यात: पाचांची एक टोपी, पाचांची दुसरी, आणि मधे दहांचा उलटसुलट पट्टा. तिन्ही जुळले म्हणजे वीस बाजूंचा गोल तयार होतो. वरवधूंची नावे अर्धीमुर्धी दिसत राहतात, त्यालाही एक गंमत आहे.

शेतातून मिळणारे साहित्य ह्याहून मोलाचे आहे, आणि त्याची निवड करताना प्रदेशाचे भान ठेवावे. ऐन नाताळच्या तोंडावर कृष्णाकाठच्या उसाला तुरा येतो. तुरा आला की उसाची वाढ थांबते व कांडी पोचट होऊ लागते, म्हणून शेतकऱ्याला तो डोळ्यांसमोर नको असतो. पण तोच रुपेरी तुरा दहा-बारा दांड्यांच्या जुडीने मातीच्या मडक्यात उभा केला, तर विकतच्या झाडाची उणीव भासत नाही. पाचगणीकडच्या वाचकांना दुसरी सोय आहे. १८६० च्या दशकात जॉन चेसन ह्यांच्या देखरेखीखाली ते गिरिस्थान वसविले गेले, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा सिल्व्हर ओक आणि मेक्सिकोची पॉइन्सेटिया ह्या दोन परदेशी वनस्पती तेथे लावल्या गेल्या व त्या तेथल्याच होऊन बसल्या. सिल्व्हर ओकच्या गळलेल्या पानाची खालची बाजू वाळल्यावरही चंदेरी राहते. तारेच्या कड्यावर ती पाने उलटी बांधली की दारावर लावण्याचे वर्तुळ रंगावाचून सजते. पॉइन्सेटिया, जिला आपण लालपत्ती म्हणतो, ती डिसेंबरात लाल होते. ते लाल दिसते ते फूल नसून फुलाभोवतीची पाने असतात. तोडली की ती लवकर मलूल होते आणि तिचा चीक अंगाला खाजतो. म्हणून ती झाडावरच राहू द्यावी, आणि घरासाठी मक्याच्या कणसाच्या सालांची करावी.

येथे सांगलीची हळद उपयोगी पडते. कणसाची साले कोमट पाण्यात मऊ करून हळदीत रंगवावीत व वाळण्यापूर्वी त्यांवर चुन्याच्या निवळीचा हात फिरवावा. ज्या क्रियेने हळदीचे कुंकू होते त्याच क्रियेने पिवळी साल पाहता पाहता तांबडी होते. हा रंग उन्हात टिकत नाही, म्हणून फुले सावलीत टांगावीत. हळदीचे फाटके पोते असेल तर त्याच्या गोणपाटाच्या पट्ट्या पाकळ्यांच्या बुडाशी गुंडाळता येतात. मिरजेत ज्यांची ओळख असेल त्यांनी सतारमेकरांच्या गल्लीतही एक फेरी मारावी. तेथल्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण भोपळा कापताना जे तुकडे वाया जातात त्यांना कोणी विचारीत नाही. हलके, कडक व नैसर्गिक बाक असलेले ते तुकडे बारीक करवतीने कापून, पॉलिशपेपरने घासून, भोक पाडून टांगले असता त्यांच्यापुढे प्लॅस्टिकची घंटा दरिद्री दिसते.

गव्हाणीच्या देखाव्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. दिवाळीत मातीचा किल्ला रचून त्यावर अळीव पेरणारी आणि मावळे मांडणारी मुले ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे बेथलेहेमचा गोठा कसा करावा हे कोणी शिकवावे? उसाचे पाचट छपरासाठी, कुंभाराकडची गाय-बैलांची जोडी, एवढ्यावर काम भागते.

एक तक्रार मात्र नोंदविली पाहिजे. 'टाकाऊतून टिकाऊ' ह्या नावाखाली शाळाशाळांतून जी प्रदर्शने भरतात, त्यांत पुष्कळदा टाकाऊ वस्तू एकच असते आणि तिच्यावर चिकटविण्यासाठी रंग, चमकी, मणी व फिती नव्याने विकत आणलेल्या असतात. बाटलीला एवढा साज चढविला की ती ना बाटली राहते ना शोभेची वस्तू होते, आणि भंगारवालाही ती घेत नाही. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, ते योग्यच झाले; पण बंदीच्या जागी दुसरी तितकीच अविनाशी वस्तू आणून ठेवली, तर हिशेब जमेला येत नाही. माझी कसोटी साधी आहे: सण संपल्यावर जी वस्तू चुलीत, उकिरड्यात किंवा पुढल्या वर्षीच्या पेटीत निःशंकपणे जाऊ शकते, ती चांगली. स्वस्तपणा हा कुरूपतेचा परवाना नव्हे, हेही ओघानेच आले. वाकडा कापलेला तारा पुन्हा कापावा.

आरास ६ जानेवारीनंतर उतरविण्याचा प्रघात आहे. तेव्हा तुरे व पाने खतात टाकावीत, कागदी गोल कडुनिंबाच्या पाल्यासह पत्र्याच्या डब्यात ठेवावेत, आणि कामट्यांचा सांगाडा कोणीही मोडू नये. तो कोरडा राहिला तर चार-पाच वर्षे सहज टिकतो. शेजाऱ्यांकडे दिवाळी होत असेल तर त्यांना द्यावा, नवा कागद चढवून तो त्यांच्या दारीही लागेल.