मुळांची हाक

गेल्या हिवाळ्यात लेस्टरच्या आमच्या अलॉटमेंटवर सफरचंदाचं रोप लावलं. खड्ड्यात सुपर फॉस्फेटचं अख्खं पुडकं ओतणार, तोच व्हिडिओ कॉलवरून आबा ओरडले, "अगं, थोडी भूक राहू दे त्याला! आयतं मिळालं की मूळ आळशी होतं."

आबांनी मंगळवेढ्याला जन्मभर ज्वारी केली. मी इथे शाळेत जीवशास्त्र शिकवते, पण त्या दिवशी बरोबर ते होते.

सफरचंदाच्या मुळांत एक बुरशी वस्तीला असते. मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद तिचे बारीक धागे आणून देतात. मोबदल्यात झाड तिला साखर नि स्निग्ध पदार्थ देतं. व्यवहार जुना आहे. स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती सापडल्या, त्यांच्या पेशींतही अशी बुरशी दिसते.

पण अंधाऱ्या मातीत दोघांची गाठ पडते कशी? स्फुरद कमी पडलं की मुळं स्ट्रायगोलॅक्टोन नावाची रसायनं सोडतात. ती लागताच बुरशीच्या धाग्यांना फांद्या फुटतात, हे जपानी संशोधकांनी २००५ साली दाखवलं. बुरशीही उलट निरोप धाडते आणि मूळ तिला आत घेतं. खताने पोट भरलेलं झाड मात्र फारशी हाकच मारत नाही.

या रसायनाचं नाव वाचून मी थबकले. स्ट्रायगा म्हणजे आपला टारफुला! ज्वारीच्या मुळांवर जगणारं, पांढऱ्या फुलांचं ते तण. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ज्वारीने बुरशीला मारलेली हाक ऐकून रुजतं. रसायन सापडलं तेच मुळी १९६६ साली, टारफुल्याचं बी कशाने रुजतं हे शोधताना.

आमच्या हलक्या रानातला एक तुकडा टारफुल्याने खाल्ला होता. आबांनी भांगलण नीट केली नाही, असं आजोबा शेवटपर्यंत म्हणत राहिले. खरं तर टारफुला जमिनीवर दिसतो तोवर खाली बरंच नुकसान झालेलं असतं. आणि रान जितकं भुकेलं, तितकी ज्वारीची हाक मोठी.

केंब्रिजच्या क्रॉप सायन्स सेंटरमध्ये या निरोपांचा अभ्यास चालतो, कमी खतात पीक यावं म्हणून. कापसाची, भुईमुगाची मुळंही टारफुल्याला जागं करतात, पण थारा देत नाहीत. रुजलेलं बी उपाशी मरतं. ज्वारीआधी तीच पिकं आलटून-पालटून घ्यायची.

हे सगळं आबांना फोनवर सांगितलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं गं."

त्या तुकड्यात या खरिपाला भाऊ भुईमूग लावणार आहे.