खडकाचे माप, दोराचे माप

मीठ दाबाखाली मेणासारखे सरकते. पोलंडमधल्या व्येलिच्का इथे १३व्या शतकापासून मीठ खणले गेले. तिथली जुनी दालने हळूहळू आवळत जातात. अशा ठिकाणी समोरासमोरच्या भिंतींत खुंट्या ठोकून त्यांतले अंतर पुन्हापुन्हा मोजतात. मिलिमीटरचा फरकही नोंदला जातो.

आपल्या बारामती-इंदापूरच्या पोटात मीठ नाही, काळा बेसॉल्ट आहे. कठीण खरा, पण भेगाळलेला. म्हणून बोगदा खोदताना त्याच्यावरही नजर ठेवावीच लागते. मात्र २० नोव्हेंबर २०१७ रोजी इंदापूर तालुक्यातल्या अकोले गावी नीरा-भीमा जोडबोगद्यावर ८ कामगार दगावले, ते खडक सरकून नव्हे. क्रेनचा दोर तुटला होता.

बँकेत रोजची शिल्लक रोज ताळून पाहतात. माणसांना खाली सोडणाऱ्या दोराचाही हिशेब तसाच हवा.