पंगतीतल्या अपमानाची नोंद

सप्टेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मैनपुरी जिल्ह्यात दाऊदापूर गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत अधिकारी तपासणीला गेले. तेव्हा असे दिसले, की अनुसूचित जातींच्या मुलांची ताटे स्वयंपाकघरात ठेवलेलीच नाहीत. ती वेगळीकडे होती, आणि जेवण झाल्यावर ती मुले आपापले ताट स्वतः घासत होती. या ताटांना आम्ही हात लावणार नाही, असे स्वयंपाकिणींनी अधिकाऱ्यांसमोरच सांगितले. शाळेच्या पटावर ८० मुले होती आणि त्यातली ६० अनुसूचित जातींची, म्हणजे ज्यांना वेगळे काढले तीच मुले बहुसंख्य होती. पुढे मुख्याध्यापिका निलंबित झाल्या आणि दोन स्वयंपाकिणींना काढण्यात आले. कारवाई जलद झाली याचे समाधान आहेच, पण या प्रकरणातला मोठा प्रश्न कारवाईच्या आधीचा आहे. मुले रोज जेवत होती, शिक्षक रोज पाहत होते, पालकांनाही ठाऊक होते. तरी गोष्ट वर पोहोचली ती गावच्या महिला प्रधानांच्या पतीने तक्रार केली तेव्हा. साठ मुलांचा रोजचा अपमान कागदावर यायला गावात वजन असलेला माणूस लागला. शालेय पोषण आहारातला भेदभाव थांबवायचा असेल, तर कायद्यात आणखी कलमे घालण्यापेक्षा हे वजन लागू नये अशी व्यवस्था आधी उभी करायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

योजनेच्या इतिहासाकडे पाहिले तर भेदभावाचा प्रश्न नेमका कुठे उभा राहिला ते कळते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने ही योजना सुरू केली. त्यानंतर बहुतेक राज्यांत मुलांना शिजवलेले अन्न मिळत नव्हते, ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य मिळत होते. धान्य घरी जाते, प्रत्येक जण आपापल्या चुलीवर शिजवतो, त्यामुळे जातीला हरकत घ्यायला जागा नव्हती. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात राज्यांना शाळेतच शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला, आणि त्या आदेशानंतर शाळेत पंगत बसू लागली. कोण शिजवणार, कोण वाढणार, कोण कोणाशेजारी बसणार, हे प्रश्न लाखो गावांत एकदम आले. न्यायालयाला याची जाण होती. २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्यावे, असे सांगितले गेले. आज पीएम पोषण नावाने चालणारी ही योजना २०२१ मध्ये सुमारे ११ लाख २० हजार शाळांत ११ कोटी ८० लाख मुलांसाठी होती. एकत्र जेवायला बसवणारी एवढी मोठी सार्वजनिक व्यवस्था आपल्याकडे दुसरी नाही. महाराष्ट्राने सहभोजनाच्या चळवळी पाहिल्या, पण त्या निवडक दिवशी, निवडक माणसांच्या झाल्या. शाळेतली पंगत रोज बसते आणि तिच्यात सात-आठ वर्षांची मुले असतात.

या पंगतीत काय घडते, याचा पहिला मोठा पुरावा सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी २००५ मध्ये मांडला. २००३ साली पाच राज्यांतल्या ५३१ गावांत केलेल्या पाहणीवर तो आधारलेला होता. शिजवलेले अन्न मिळणाऱ्या गावांपैकी दलित स्वयंपाकी असलेली गावे राजस्थानात अवघी ८ टक्के होती. तमिळनाडूत ३१ टक्के आणि आंध्रात ४९ टक्के. विरोधाची पद्धत मात्र गावोगावी सारखीच होती. आधी नेमणुकीलाच हरकत, मग मुलांना घरून डबा, मग त्या बाईला काढा असा दबाव, आणि काहीच जमले नाही तर मुले दुसऱ्या शाळेत. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात सूखीढांगच्या शाळेत हीच साखळी पुन्हा दिसली. दलित महिलेची नेमणूक झाल्यावर सवर्ण मुलांनी जेवण सोडले. प्रशासनाने नेमणुकीतल्या प्रक्रियेचा दोष दाखवून तिला काढले. त्यावर दलित मुलांनी नव्या स्वयंपाकिणीच्या हातचे जेवायला नकार दिला. प्रकरण देशभर गाजले, तेव्हा पहिल्या बाईंना कामावर परत घेतले गेले. २०२२ च्या सप्टेंबरात राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात तर दलित मुलींनी वाढलेले अन्न फेकून द्या, असे स्वयंपाक्यानेच मुलांना सांगितले. त्याला अटक झाली. म्हणजे भेदभावाचे लक्ष्य कधी जेवणारे मूल असते, कधी वाढणारे, तर कधी चुलीपाशी उभी असलेली बाई. ही बाई ज्या मानधनावर राबते त्याची केंद्राने ठरवलेली रक्कम महिन्याला एक हजार रुपये आहे, तीही वर्षातले दहाच महिने. राज्ये त्यात आपली भर घालतात, पण नोकरीची हमी कुठेच नसते. एवढ्याशा मानधनासाठी कोण कोणाविरुद्ध तक्रार करणार?

आपल्याकडे कायदे कमी नाहीत. राज्यघटनेचे सतरावे कलम आहे, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या ३२ व्या कलमाने कोणालाही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग दिला. पण या सगळ्यात एक विसंगती आहे. मध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमांनुसार एखाद्या दिवशी जेवण शिजले नाही, तर मुलांना पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळाले नाही, तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची असते. जेवण वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखायचे, तांदळाचा साठा लिहायचा, किती मुले जेवली ते रोज कळवायचे, हेही ठरलेले आहे. म्हणजे न शिजलेल्या खिचडीचा हिशेब दिवसागणिक लागतो. शिजलेली खिचडी एखाद्या मुलाला दूर बसवून वाढली, तर त्याच्यासाठी अशी दिवसांची मोजणी नाही. मग उरतो पोलीस ठाण्याचा रस्ता. जो बाप त्याच गावातल्या शेतांवर मजुरीला जातो, त्याने शेतमालकाच्या मर्जीतल्या शाळेवर गुन्हा नोंदवायला जावे, अशी अपेक्षा आपण करतो आणि तक्रार आली नाही की सगळे ठीक आहे असे धरून चालतो.

हक्क जाहीर होणे आणि तो हाती येणे यांतले अंतर महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी तळ्यावर जायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निर्णय आला तो १९३७ साली. ठरावात दोष नव्हता. तो पाळला जात नाही हे कोणी पाहायचे, कोणाकडे सांगायचे आणि किती दिवसांत उत्तर मिळायचे, हे त्यात नव्हते. ती सगळी किंमत ज्याचा हक्क डावलला त्यानेच मोजली.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी पडतो, कारण हे अंतर मिटवण्याची वाट त्यांनीही ठेचा खातच काढली. १९४६ च्या शालेय भोजन कायद्यात काळे खासदार ॲडम क्लेटन पॉवेल यांच्या आग्रहाने भेदभावाविरुद्धची तरतूद आली, पण तिने गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वेगळ्या शाळा तशाच राहू दिल्या आणि फक्त निधी न्यायाने वाटावा असे म्हटले. १९६८ मध्ये पाच महिला संघटनांनी केलेल्या पाहणीत आढळले, की देशातल्या शाळकरी मुलांपैकी चार टक्क्यांहूनही कमी मुलांना मोफत किंवा सवलतीचे जेवण मिळते. पुढच्याच वर्षी ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्षाने मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. त्याच पक्षाच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारावर अमेरिकी कृषी खात्याने हळूहळू जी पद्धत बसवली, ती २००५ च्या सूचनांत नीट मांडलेली आहे. मुलांना वाढणाऱ्या कर्मचाऱ्यापासून पर्यवेक्षकापर्यंत सर्वांना दरवर्षी नागरी हक्कांचे प्रशिक्षण. तक्रार कुठे करायची हे सांगणारा फलक सगळ्यांना दिसेल अशा जागी. तक्रार तोंडी चालते, निनावी चालते, घटनेपासून १८० दिवसांपर्यंत करता येते. ती निकाली काढण्याचे काम ज्या शाळेविरुद्ध तक्रार आहे तिच्याकडे राहत नाही. तक्रारदाराचा सूड घेणे हाच स्वतंत्र अपराध. आणि मोफत जेवणारे मूल वेगळे ओळखू येईल असे काही करायचे नाही, हे बंधन तर १९७० पासूनचे. या पद्धतीने तिथला वर्णद्वेष संपला असे कोणी म्हणणार नाही. पण एखाद्या आईने फोन केला, तर तो कोणी उचलायचा आणि उचलल्यावर काय करायचे, हे तिथे ठरलेले आहे.

आपल्याकडे यासाठी नवे खाते नको. पंचायत समितीत पोषण आहाराचे अधीक्षक आहेत, गटशिक्षणाधिकारी आहेत; तोंडी तक्रार लिहून घेण्याची आणि ठरावीक दिवसांत शाळेत जाऊन पाहण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येईल. मुख्याध्यापकांवर ती टाकू नये. एक तर तक्रार त्यांच्याविरुद्धही असू शकते, आणि तांदूळ मोजण्यापासून माहिती भरण्यापर्यंतच्या कामांनी शिक्षक आधीच वैतागलेले आहेत, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. किती मुले जेवली याचा आकडा शाळा रोज कळवतातच. स्वयंपाकीण बदलल्यावर तो आकडा एकदम खाली आला, तर कोणी तक्रार करायची वाट कशाला पाहायची? तो आकडा हीच तक्रार मानून अधिकाऱ्याने त्या आठवड्यात शाळा गाठावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बहिष्कार चालू असताना स्वयंपाकिणीला कोणत्याही कारणाने काढता येऊ नये. खरोखर प्रक्रियेचा दोष असेल, तर जिल्हा पातळीवर लेखी कारणे देऊन, तिचे म्हणणे ऐकून मगच निर्णय व्हावा. सूखीढांगमध्ये हा एक नियम असता, तर बहिष्कार टाकणाऱ्यांना आपले म्हणणे चालते असा धडा मिळाला नसता.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की कोणाच्या हातचे खायचे हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे, सरकारने मुलाच्या तोंडात घास कोंबावा काय. अर्थातच नाही. आपल्या मुलाला घरचा डबा देण्यापासून कोणत्याही पालकाला अडवता येणार नाही. मात्र आपल्या मुलाने डबा आणणे वेगळे आणि त्या बाईला कामावरून काढा अशी मागणी करणे वेगळे. पहिल्याला हरकत घेता येत नाही. दुसरे म्हणजे सार्वजनिक पैशावरच्या नोकरीला जातीची अट घालणे, आणि शाळेने त्यापुढे मान तुकवली तर ती अट सरकारने घातल्यासारखे होते. दुसरा आक्षेप गावातल्या सलोख्याचा. तक्रारी लिहायला लागलो तर दुही माजेल, खोट्या तक्रारी येतील. काही खोट्या येतीलही. म्हणूनच पहिली पायरी शिक्षेची नसून पाहणीची असावी. तक्रार खोटी निघाली तर ती तिथेच संपेल. आज मात्र पायरीच नसल्यामुळे मधले काही उरत नाही, एकीकडे गप्प बसणे आणि दुसरीकडे फौजदारी गुन्हा. सलोखा ज्याला म्हणतात त्याची किंमत आज एकाच बाजूची मुले भरतात. तिसरे म्हणणे, अशा घटना तुरळक आहेत. असतीलही, पण हे कोणाला ठामपणे सांगता येईल? गुन्ह्यांच्या वार्षिक आकडेवारीत शाळेतल्या पंगतीचा वेगळा रकाना नाही. जे मोजलेच नाही ते तुरळक आहे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शहरांत केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येतात, तिथे हा प्रश्नच नाही, असेही सांगितले जाते आणि तोच उपाय गावांनाही सुचवला जातो. मला तो पटत नाही. शिजवणारे हात नजरेआड गेले म्हणून वाढणारे हात आणि बसण्याच्या रांगा जात नाहीत. शिवाय ज्या गावातल्या बाईला न्यायालयाच्या आदेशाने प्राधान्य मिळाले, तिचे काम मात्र जाते. बहिष्कार टाकणाऱ्यांना जे हवे होते ते त्यांना न मागता मिळते. चूल गावातच राहावी, तिच्यापाशी कोणत्याही जातीची बाई उभी राहावी, आणि तिच्या पाठीशी व्यवस्था उभी आहे हे गावाला दिसावे, हाच मार्ग मला बरोबर वाटतो.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित गटांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा असते. पोषण आहारावर देखरेख हे तिचे काम आहे. आपण अशा समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत खिचडीच्या चवीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा: मुले कोणत्या क्रमाने बसतात, वाढायला कोण असते, ताटे कोण घासते. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.