पिसवांचा बाजार

विषयाचे नाव वाचून मंडळींनी नाक मुरडू नये. डॅनिश भाषेत ‘लॉपे’ म्हणजे पिसू, आणि जुन्या, वापरलेल्या वस्तूंच्या बाजाराला ते लोक ‘लॉपेमार्केड’, म्हणजे पिसवांचा बाजार, असे राजरोस म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंचांचा. पॅरिसच्या वेशीबाहेर जुन्या गाद्या-कपड्यांचे जे ढीग विकावयास मांडले जात त्यांत पिसवा असावयाच्याच, या थट्टेतून तो निघाला असे सांगतात. पुढे युरोपातल्या अनेक भाषांनी तो आपापल्या शब्दांत उतरवून घेतला. आम्ही ज्या बाजाराविषयी बोलणार आहो तेथे मात्र पिसू औषधालाही सापडावयाची नाही. झाडूनपुसून लख्ख केलेली ती एक मोठी बंदिस्त वखार आहे, आणि आत शिरताना पायपुसण्यावर बूट नीट पुसले नाहीत तर आपल्यालाच ओशाळे वाटते.

जाण्याचे निमित्त अगदी घरगुती होते. आमची भाची व तिचे यजमान नोकरीनिमित्त ऑर्हूस या डेन्मार्कच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरी राहतात. २०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही त्यांच्याकडे उतरलो होतो. त्या दिवसांत तेथे चारच्या आत सूर्य मावळतो, आणि मावळण्यापूर्वी तरी तो दिसला होता की नाही याविषयी घरात मतभेद होतात. पाऊस, वारा, चिखल काही असो, तेथल्या बालवाडीतली मुले रोज काही तास बाहेर अंगणात खेळावयाचीच, असा तिकडचा शिरस्ता आहे. त्यासाठी प्रत्येक मुलाला डोक्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध, आतून अस्तर लावलेला, पाणी आत न येऊ देणारा पोशाख लागतो. त्याच्या डॅनिश नावाचा अर्थ ‘वैमानिकाचा पोशाख’ असा आहे, आणि तो चढवलेली तीन वर्षांची मुले खरोखरच आता विमानात चढतील अशी दिसतात. नवा, चांगला पोशाख घ्यावयाचा तर हजार क्रोनरच्या आसपास पडतात. एक क्रोनर म्हणजे आपले बारा-चौदा रुपये धरा. आणि मूल एका हिवाळ्यात तो पोशाख आखूड करून टाकते!

भाची म्हणाली, “मामा, शनिवारी जुन्या बाजारात जाऊ या. माझ्या मैत्रिणी सगळ्या तिथूनच घेतात.” हे बोलणे नेमके पुण्याहून आलेल्या फोनवर चालू असताना झाले, आणि पलीकडून आमच्या ताईचा आवाज चढला. “अगं, लोकांची उतरलेली कापडं माझ्या नातवाच्या अंगाला? पैसे मी पाठवते, पण नवं घे.” भाचीने काही उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. खरे सांगावयाचे तर आमचे मन ताईच्या बाजूला होते.

वास्तविक आपल्याकडे नव्या जन्मलेल्या बाळाला आधी जुनेच कापड घालतात. आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी शिवतात, थोरल्याचे अंगडे धाकट्याला येते, मावसभावाची टोपी आपल्या बाळाच्या डोक्यावर बसते. त्यात कमीपणा तर नाहीच, उलट माया असते. पण ते कापड कोणाचे हे आपल्याला ठाऊक असते. अडचण जुनेपणाची नसून अनोळखीपणाची आहे, हे आम्हांला त्या शनिवारी प्रथमच उमगले.

आता बाजाराची रचना. उघड्यावरचे लॉपेमार्केड डेन्मार्कात भरतात ते मुख्यतः वसंतापासून सप्टेंबरपर्यंत. गल्लीत, मैदानात, बंदराच्या कडेला लोक घरातले नको असलेले सामान मांडून बसतात. बालवीरांची पथके आणि खेळाचे संघ वर्षभर सामान गोळा करून एखाद्या शनिवार-रविवारी विक्री करतात व त्यावर आपला खर्च भागवतात. परंतु हिवाळ्यात उघड्यावर बसणार कोण? म्हणून छपराखालचे बाजार निघाले, आणि त्यांतून एक युक्तीचा प्रकार रूढ झाला. त्याला ‘रेओलमार्केड’ म्हणतात. ‘रेओल’ म्हणजे फळ्यांची मांडणी. एका मोठ्या वखारीत अशा शेदीडशे मांडण्या ओळीने उभ्या असतात, प्रत्येकीवर क्रमांक. ज्याला घरातले सामान विकावयाचे असेल त्याने एक मांडणी आठवड्याच्या बोलीने भाड्याने घ्यावयाची. भाडे ठिकाणाप्रमाणे बदलते, पण काही शे क्रोनर असते. आपल्या वस्तूंच्या किमती आपणच ठरवावयाच्या, दुकानातून छापून मिळणाऱ्या रेघारेघांच्या चिठ्ठ्या त्यांवर डकवावयाच्या, सामान नीट रचावयाचे आणि घरी निघून जावयाचे. दुकानदार पैसे घेतो, चिठ्ठीवरून ते कोणाच्या खाती जावयाचे ते यंत्राला कळते, आठवड्याअखेर थोडे टक्के कापून बाकीची रक्कम मालकाला मिळते. आपले कोणते भांडे किती वाजता विकले गेले हे मालकाला घरबसल्या फोनवर दिसते. घरातल्या स्वतःच्या वापरलेल्या वस्तू विकून आलेल्या पैशावर एरवी तेथे प्राप्तिकर नाही; विकण्यासाठीच माल खरीदला तर तो धंदा झाला, त्याचा हिशेब निराळा.

म्हणजे या बाजारात विकणारा हजरच नसतो. घासाघीस करावयाची कोणाशी? आम्ही सवयीने एका पितळी दिव्याची किंमत मनात निम्मी करून पाहिली, पण ऐकावयास कोणी नव्हते. दोन माणसांची गाठ न पडता एकाच्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरात जाते. त्या देशात खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांच्या कडेला बटाटे, मध, अंडी मांडून ठेवलेली असतात. जवळ एक पैशांची पेटी असते, नाहीतर फोनवरून पैसे पाठवण्यासाठी एक क्रमांक लिहिलेला असतो, आणि राखण करावयास कोणी नसते. त्याच स्वभावाचा हा बाजार आहे असे म्हणावयास हरकत नाही. मात्र आपण उगाच भारावून जाऊ नये. छताला टेहळणीची यंत्रे आहेत, आणि चांदीचे चमचे, घड्याळे, दागिने जेथे ठेवतात त्या काचेच्या कपाटांना भरभक्कम कुलपे आहेत.

पोशाख शोधण्याआधी आम्ही चिनीमातीच्या भांड्यांपाशी अडकलो, आणि तेथे आमचा तासभर गेला. डेन्मार्कच्या चिनीमातीची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. कोपनहेगनचा राजेशाही कारखाना १७७५ सालचा. त्याच्या मालावर पाठीमागे निळ्या रंगात तीन लाटा काढलेल्या असतात. त्या डेन्मार्कमधल्या तीन सामुद्रधुनींच्या खुणा होत. त्याचा प्रतिस्पर्धी बिंग आणि ग्रॉन्डाल हा कारखाना १८५३ साली निघाला. त्याच्या खुणेत कोपनहेगन शहराच्या मुद्रेवरचे तीन बुरूज आहेत. पुढे १९८७ साली दोन्ही एक झाले. जाणते गिऱ्हाईक थाळी उचलते ते नक्षी पाहण्यासाठी नव्हे, तर उलटी करण्यासाठी. लाटांवर आडवा ओरखडा काढलेला असला तर तो माल भट्टीतून दुय्यम प्रतीचा निघालेला आहे, हे त्या कारखान्यानेच प्रामाणिकपणे सांगून ठेवलेले असते. एक वृद्ध गृहस्थ थाळ्या एकामागून एक उलट्या करीत चालले होते. त्यांनीच आम्हांला नखाने ओरखडा चाचपून दाखवला.

१८९५ साली बिंग आणि ग्रॉन्डालने नाताळची पहिली थाळी काढली. तीवर बर्फाने गोठलेल्या खिडकीतून दिसणारे कोपनहेगन आहे. त्यानंतर दर वर्षी नवे चित्र, खाली साल, आणि वर्ष संपले की साचा मोडून टाकावयाचा. १९०८ पासून दुसऱ्या कारखान्यानेही तोच क्रम धरला. ज्या वर्षी मूल जन्मले, लग्न झाले, घर बांधले त्या वर्षाची थाळी घ्यावयाची, भिंतीवर टांगावयाची, अशी घरोघरची रीत पडली. पहिल्या वर्षाच्या थाळीला आजही हौशी लोक मोठी किंमत देतात. पण मधल्या वर्षांच्या? एका मांडणीवर आमच्यासमोर १९५१ पासून १९८० पर्यंतच्या थाळ्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकी दहा क्रोनर. त्या भावात तेथे एक कप कॉफीही मिळत नाही.

भाची हळूच म्हणाली, “कोणी तरी गेलं असणार, मामा.” तिचा तर्क बरोबर असावा. तिथल्या वृद्धांची मुले निराळ्या शहरी, लहान सदनिकांत राहतात. आईवडिलांमागे घर ठराविक मुदतीत रिकामे करावयाचे असते. भिंतभर थाळ्या ठेवावयाच्या कोठे? तीस वर्षे एका बाईने दर नाताळात खुर्चीवर चढून खिळा ठोकला असेल, आणि आता तो सगळा संसार क्रमांक अमुकच्या फळीवर आला. आम्हांला ते पाहवेना. परंतु नंतर विचार केला की, आपल्याकडे माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेली आजीची तांब्याची भांडी तरी कोण रोज काढून पाहतो? येथे निदान ती थाळी कोणाच्या तरी टेबलावर पुन्हा जाणार होती. आम्ही दोन घेतल्या. एक आमच्या जन्मसालाची.

वस्तू इतक्या स्वस्त का, याचे कारण मात्र भावनेत नसून मजुरीत आहे. डेन्मार्कात माणसाच्या हाताची किंमत फार. चेन बदलणे, खुर्चीचा पाय बसवणे, मिक्सर उघडून पाहणे यांचे दाम नव्या वस्तूशी स्पर्धा करतात, आणि त्या मजुरीवर शिवाय २५ टक्के विक्रीकर आहे. १९९२ पासून दर तोच आहे. त्यामुळे थोडे बिघडलेले म्हणजे गेलेलेच. जे टिकाऊ म्हणून बनवले गेले त्याचाच भाव उतरत नाही. १९५०-६० च्या सुमाराची सागवानी कपाटे तेथे मानाने ठेवलेली होती. तो साग आग्नेय आशियातून गेलेला. इतक्या दूर उत्तरेकडे त्याचा ओळखीचा रंग पाहून आम्ही त्यावरून हात फिरवला. बॉर्ग मॉगन्सेन या आरेखकाने १९४७ साली सहकारी भांडारांच्या संघासाठी, सामान्य माणसाला परवडावी म्हणून, एक साधी खुर्ची योजली होती; तिला लोकांची खुर्ची म्हणतात. गंमत अशी की ती नवी घ्यावयाची तर आज सामान्य माणसाला जड जाते, म्हणून लोक ती जुन्या बाजारात हुडकतात.

नफ्याकरिता चालणाऱ्या या वखारींखेरीज धर्मादाय दुकानेही आहेत. १८७६ साली स्थापन झालेल्या डॅनिश रेड क्रॉसची दोनशेंहून अधिक आहेत. तेथे सामान दान म्हणून येते आणि स्वयंसेवक, बहुधा निवृत्त स्त्रिया, ते निवडून विकतात. वाटेत अशाच एका दुकानात आम्ही डोकावलो. गल्ल्यावरच्या बाईंची तक्रार ऐकण्यासारखी होती: पोती पूर्वीपेक्षा जास्त येतात, पण कापड असे की दोनदा धुतले की संपले, विकावे कसे? त्याच वर्षी, १ जुलै २०२३ पासून, डेन्मार्कातल्या नगरपालिकांनी फाटक्या कपड्यांचा कचरा घरोघरून वेगळा गोळा करावयास प्रारंभ केला होता. जुन्या बाजाराने सर्व कचऱ्याचा प्रश्न सुटतो, अशी आमची जी समजूत होत चालली होती ती त्या बाईंनी तेथेच उतरवली. जुने विकले जावयाचे तर आधी नवे नीट बनवलेले पाहिजे.

पोशाख अखेर मुलांच्या कपड्यांच्या ओळीत मिळाला. गडद निळा, गुडघ्यांवर जाड ठिगळांचे कापड मुळातच शिवलेले, किंमत नव्वद क्रोनर. इतका स्वस्त का ते लगेच कळले: चेन पोटापाशी अडकत होती. शिंप्याकडे नेली तर नव्वदांहून जास्त जाणार, हे मालकिणीने जाणून किंमत उतरवलेली. आम्ही भाचीला म्हटले, “घे. घरी मेणबत्ती आहे ना?”

घरी येऊन चेनीच्या दातांवरून मेणबत्तीचा तुकडा चारपाच वेळा घासला, आणि ती सरळ धावू लागली. नातू पोशाख घालून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून आला. मग भाचीने कॉलर उलटली. बालवाडीत सर्वांचे पोशाख एकसारखे, म्हणून आत नाव लिहावेच लागते. तेथे शाईने तीन नावे होती. दोन खोडलेली, तिसरे तसेच. पहिले इतके फिकट झाले होते की दिव्याखाली धरूनही वाचवेना.

रात्री ताईचा फोन आला. मिळाला का पोशाख, कसा आहे, असे तिने विचारले. भाची आमच्याकडे पाहू लागली. आम्ही फोन घेतला आणि सांगितले, “चांगला आहे. तीन मुलांनी घातलेला आहे.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ताई म्हणाली, “धुतलास ना गं नीट?” भाची म्हणाली, “दोनदा, आई,” आणि पेन शोधावयास गेली.